टिकलीएवढी खूण आणि न दिसणारा उजेड

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी पुतणी, म्हणजे थोरल्या दिरांची मुलगी, इथं नाशिकलाच रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करते आणि आमच्याकडेच राहते. त्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावर एक लांबट कागद पसरून ठेवला होता. कागदावर एक रेघ. जरा सरळ जाई, मग एकदम खोल दरीत उतरे, पुन्हा वर येई. सासूबाई पूजा आटोपून आल्या, त्यांनी कागद पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"कुणाचा गं हा कार्डिओग्राम? मला काही बरा दिसत नाही."

"आजी, कार्डिओग्राम नाही तो! ते अ‍ॅस्पिरिन आहे."

आम्ही पोट धरून हसलो. पण पुढे चार दिवस पुतणीकडून सगळं समजून घेतल्यावर मला वाटू लागलं, सासूबाई फारशा चुकल्या नव्हत्या. कार्डिओग्रामात हृदयाची धडधड कागदावर उतरते. या कागदावर रेणूंची थरथर उतरलेली असते. त्याला अवरक्त वर्णपट म्हणतात, कॉलेजातली मुलं सरळ 'आय.आर.' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई मराठी घेऊन बी.ए. झालेली, अर्धा दिवस शाळेत शिकवणारी, दहावीनंतर जिनं विज्ञानाचं पुस्तक उघडलं नाही, तिला ही उठाठेव कशाला? तर त्याला कारण आहे, आणि ते आधीच सांगून टाकते.

माझी लेक जन्मली तेव्हा २ किलो ३०० ग्रॅमची होती. आज ती नऊ वर्षांची आहे, घरभर उड्या मारते. पण बारशाला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी तिला हातात घेऊन, चारचौघींत, मला विचारलं होतं, "नऊ महिने काय खाल्लंस तरी काय गं?" मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. मग गेल्या वर्षी माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, बी-१२ जीवनसत्त्व फार कमी आहे आणि ते आजकालचं नाही, बरीच वर्षं कमी असावं. आमच्या घरात अंडं चालत नाही. दूध मुलीला आणि ह्यांना; माझ्या वाट्याला चहातलं. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार हे वेगळंच. साबुदाण्यात बी-१२ नसतं, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

हे मी पुतणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, बी-१२ चा संबंध थेट डीएनएवरच्या खुणांशी आहे. आणि त्या खुणा आमच्या या आय.आर.नं सुद्धा बघतात म्हणे." मग काय, मी तिला सोडलंच नाही.

आधी त्या खुणांविषयी. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा एक धागा असतो, उलगडला तर सुमारे दोन मीटर लांब. त्यावरचा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला: ए, टी, जी आणि सी. गंमत अशी की डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत मजकूर तोच. मग डोळा डोळ्याचं काम करतो आणि यकृत यकृताचं, ते कसं? आईनं लग्नात दिलेली पाककृतींची वही आठवा. वही एकच, पण रोजच्या स्वयंपाकाची पानं उघडी राहतात, आणि काही पानं टाचणी लावून मिटवलेली असतात. डीएनएवर अशी एक टाचणी असते. तिचं नाव मेथिल. एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन, एवढासा जीव. ती बहुतेक करून 'सी' या अक्षरावर बसते, आणि तेही पुढचं अक्षर 'जी' असेल तिथे. मला ती कपाळावरच्या टिकलीसारखी वाटते. अक्षर तेच राहतं, टिकली लावली की त्याचं वाचन बदलतं. साधारणपणे जिथे टिकल्यांची दाटी, तो मजकूर पेशी वाचत नाही. या टिकल्या लावण्याच्या क्रियेला मेथिलेशन म्हणतात.

मधमाश्यांत तर याचा चमत्कारच आहे. राणीमाशी आणि कामकरी माशी एकसारख्याच अंड्यांतून येतात. जिला सतत राजान्न मिळतं ती राणी होते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अळ्यांमधलं ही टिकली लावणारं रसायनच कमी केलं, तर राजान्नाची मेजवानी न देताही बहुसंख्य अळ्या राणीच्या वळणावर गेल्या. खाण्याचा हुकूम डीएनएपर्यंत पोचतो कसा, त्याचा हा पुरावा.

माणसांतला पुरावा दुःखाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. त्या काळात गर्भ राहून जन्मलेली माणसं साठीला पोचल्यावर त्यांचं रक्त तपासलं. वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्या टिकल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. हेही २००८ मध्येच प्रसिद्ध झालं. मी हे जेवताना वाचून दाखवलं, तर सासूबाई घास हातात धरून बसल्या. त्यांचं माहेर सिन्नरकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांची आई दिवस गेलेले असताना खडी फोडायला जात होती, घरात लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. "तेव्हाचा माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या, "त्याला साखर आहे." मी त्यांना सांगितलं की एका माणसावरून असं काही ठरवता येत नाही, साखर आता घरोघरी आहे. पण त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

आता प्रश्न असा, की कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू, एवढी बारीक टिकली दिसते कशी? साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसायची नाही. इथं तो न दिसणारा उजेड कामाला येतो.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल, ज्यांनी युरेनस ग्रह शोधला तेच, लोलकातून उन्हाचे रंग पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहत होते. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सगळ्यांत जास्त चढला. तेच अवरक्त किरण. तुमच्या घरात ते आहेत. टी.व्ही.चा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. टोकाचा दिवा डोळ्यांना विझलेला दिसेल, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट पांढरा लुकलुकेल. (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्यात पाहा.) २०२० साली कोरोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र रोखायचे ना? ते आपल्या अंगातून बाहेर पडणारे हेच किरण मोजत होतं. आणि आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात ज्या नोटा छापतात, त्या बँकेत मोजणारी यंत्रं बनावट नोट पकडायलाही हेच किरण वापरतात.

रेणूंपर्यंत हे किरण कसे पोचतात, ते मला झोपाळ्यावरून कळलं. माझ्या माहेरी पंचवटीत ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. भलत्या वेळी ढकलला तर तो अडखळे. त्याच्या लयीत नुसतं बोट लावलं तरी उंच जाई. रेणूतले अणू असेच आपापल्या लयीत हलत असतात. कार्बनला चिकटलेला हायड्रोजन सेकंदाला सुमारे ९० लाख कोटी वेळा थरथरतो. बरोबर त्याच लयीचा अवरक्त किरण आला, की तो किरण गिळून टाकतो आणि आणखी जोरानं हलतो. बाकीच्या किरणांना तो दाद देत नाही. यंत्रात एका बाजूनं सगळ्या लयींचे किरण सोडायचे आणि पलीकडे कुठले कमी पोचले ते पाहायचं. जे कमी पोचले तिथं कागदावर दरी. दरी कुठं आहे यावरून कोण बसलंय ते कळतं, आणि किती खोल आहे यावरून किती बसलेत ते. प्रत्येक लयीला शास्त्रज्ञांनी आकडा दिलाय. मेथिलचे आकडे २,९६० आणि २,८७० च्या आसपास, डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटचे १,२३० आणि १,०८५ च्या जवळ.

पाणी मात्र इथं शत्रू. त्याची १,६४० जवळची दरी एवढी रुंद पडते की डीएनएची अक्षरं तिच्यात बुडून जातात. म्हणून नमुना पापडासारखा खडखडीत वाळवावा लागतो. पुतणीच्या कॉलेजात पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठाबरोबर नमुना खलात घोटतात आणि दाबून त्याची काचेसारखी चकती करतात. ते मीठ पावसाळ्यात आपल्या डब्यातल्या मिठासारखंच पाणी धरतं. श्रावणात सगळा वर्ग रडकुंडीला आलेला असतो म्हणे.

इथवर मला वाटलं, चला, सोपं आहे. मेथिलची दरी मोजली की झालं. तेव्हा पुतणीनं मला खरी मेख सांगितली. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'टी' जे आहे, त्याच्या अंगावर मेथिल जन्मतःच असतो! माणसाच्या डीएनएत शंभर अक्षरांत तीसेक 'टी' असतात, आणि मेथिल लावलेले 'सी' साधारण एकच. म्हणजे तीसजणींच्या कपाळावर आधीच टिकली आहे, आणि यंत्राला त्या गर्दीत एकतिसावी शोधायची आहे. नुसत्या डोळ्यांनी कागद पाहून ते जमत नाही. ज्यांचं मेथिलचं प्रमाण आधीच माहीत आहे असे अनेक नमुने यंत्राला दाखवतात, संगणक त्या रेघांतले केसाएवढे फरक शिकतो, आणि मग नव्या नमुन्याचा अंदाज सांगतो. शिवाय टिकली लागली की आजूबाजूची ठेवणही जरा बदलते. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २००२ साली याच किरणांनी तपासलं होतं, की 'सी'वर मेथिल बसल्यानं डीएनएच्या कण्यातल्या साखरेचा आकार कसा हलतो. नवी टिकली लावली की बाई मान जरा वेगळी धरते ना, तसं काहीसं.

मग एवढी यातायात का? कारण दुसरी पद्धत महाग आणि खटपटीची आहे. १९९२ साली ऑस्ट्रेलियात निघालेल्या त्या पद्धतीत डीएनएला बायसल्फाइट नावाच्या रसायनात मुरवतात. त्यानं टिकली नसलेले 'सी' बदलून जातात, टिकलीवाले वाचतात, मग एकेक अक्षर वाचून काढतात. तिथं नेमकी जागा कळते, पण रसायनात डीएनएचे बरेच तुकडे होऊन नमुना खर्ची पडतो. अवरक्त किरणांत नमुना जसाच्या तसा राहतो, काम मिनिटांत होतं. मात्र त्यातून एकूण प्रमाण कळतं. कुठल्या जनुकावर टिकली आहे ते कळत नाही. माणसाच्या डीएनएत टिकली लागू शकेल अशा जागा सुमारे २ कोटी ८० लाख. घरात किती साखर आहे ते कळलं, कुठल्या डब्यात आहे ते नाही, असा प्रकार. तरीही एकूण प्रमाणाला अर्थ आहे. कर्करोगाच्या पेशींत एकूण मेथिल बरेचदा घटलेला असतो, हे १९८३ पासून माहीत आहे, आणि म्हणूनच झटपट, स्वस्त अशा या किरणांकडे संशोधक आशेनं पाहतात.

आता बी-१२ कडे वळते, कारण माझा जीव तिथंच अडकलेला होता.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायका, भाकरी-भाजी खाणाऱ्या. सुमारे ८०० गर्भारपणं त्यांनी पहिल्यापासून पाहिली. बाळांचं सरासरी वजन भरलं २ किलो ७०० ग्रॅम. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण नवल असं की आपली बाळं हातापायानं किडकिडीत असूनही त्यांच्या अंगात चरबी मात्र राखलेली होती. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळं थोरली निघाली. आणि रक्त तपासलं तर तीनपैकी दोघींत बी-१२ कमी! फोलिक अ‍ॅसिडची कमतरता जवळजवळ कुणातच नव्हती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होतं. मधुमेहाच्या वाटेवरचं ते पहिलं पाऊल. हे २००८ मध्ये छापून आलं.

टिकलीशी याचा संबंध असा. मेथिल शरीरात हातोहात फिरतो. फोलेट तो आणून देतं, बी-१२ तो झेलून पुढं पोचवतं, आणि शेवटी तो डीएनएवर लागतो. मधली बी-१२ च नसेल तर फोलेट मेथिल हातात धरून ताटकळत उभं राहतं. हळदीकुंकवाचं सगळं सामान आलं, पण लावायला सवाष्ण नाही!

पुण्याच्याच मुलांना वर्षभर बी-१२ देऊन हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या संस्थेबरोबर त्यांच्या टिकल्या तपासल्या गेल्या. मधुमेहाशी संबंध असलेल्या काही जनुकांवर त्या बदललेल्या आढळल्या, असं २०१८ साली प्रसिद्ध झालं. मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून झोपडवस्तीतल्या साडेसहा हजार बायकांना, गर्भ राहायच्या आधीपासून, रोज समोशासारखा एक पदार्थ खाऊ घातला. निम्म्यांच्या समोशात पालेभाजी, फळं आणि दूध; निम्म्यांच्यात बटाटा-कांद्यासारखं साधं सारण. पालेभाजीच्या गटात गर्भारपणातला मधुमेह शंभरात बारांवरून सातांवर आला. बाळाचं वजन मात्र ज्यांनी तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्यातच वाढलं, आणि तेही साधारण ५० ग्रॅम. पुढे त्या मुलांच्या डीएनएवरच्या साडेआठ लाख जागा तपासल्या, तर मुंबईच्या मुलांत दोन गटांत जवळजवळ काहीच फरक सापडला नाही. आफ्रिकेतल्या गांबियात अशाच अभ्यासात थोड्या जागी सापडला. हे मुद्दाम सांगते, कारण आजकाल "गर्भावर जनुकसंस्कार" असल्या नावाखाली काय वाटेल ते विकायला येतं. शास्त्रज्ञ स्वतः इतक्या जपून बोलतात, तर विकणाऱ्याला एवढी खात्री कुठून?

एक गोष्ट मात्र मला फार लागली. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच आईबापांकडून आलेल्या बहुतेक टिकल्या पुसल्या जातात आणि नव्यानं लावल्या जातात. त्यातली बरीच लगबग पाळी चुकायच्या आधीच सुरू झालेली असते. आणि आपण? डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो! बेगमी व्हायला हवी ती आधीच्या वर्षात, मुलगी शाळा-कॉलेजात असताना. पुण्याच्या त्या गावांतली मुलं तरुण झाल्यावर तिथं पुढचा प्रयोग झाला. त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, आणि ते मुलींना दिलं तसं मुलग्यांनाही दिलं. वडिलांच्या बीजावरही टिकल्या असतातच की. बारशाला माझ्या ह्यांना कुणी विचारलं नव्हतं, काय खाल्लंत म्हणून.

पुतणीला मी शेवटी विचारलं, माझ्या लेकीचं तेव्हाचं वजन माझ्या बी-१२ मुळे कमी भरलं का, ते तुझं यंत्र सांगेल का? ती गप्प राहिली, मग म्हणाली, "नाही काकू. कुठलंच यंत्र एका बाळाविषयी ते सांगू शकणार नाही. हजारभर आयांत काय होतं, तेवढंच सांगता येतं." वजन कमी भरायला कितीतरी कारणं असतात. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता घरचं. मेथिल तपासून घ्यायला कुठं धावू नका. त्याचा तुम्हाआम्हाला सध्या उपयोग नाही. बी-१२ ची साधी रक्ततपासणी मात्र, विशेषतः शाकाहारी घरात, डॉक्टरांना विचारून जरूर करा. रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचा हिशोब मी वहीत मांडला, तो भरला ५१ मिलिग्रॅम, म्हणजे जन्माची गरज एका चिमटीतल्या मिठापेक्षाही कमी. पण तेवढंही भाजीपाल्यात, डाळीत, फळात नसतं. दूध, दही, ताक, पनीर, आणि चालत असेल तर अंडी, मासे, मटण यांत असतं. पेलाभर दुधात सुमारे १ मायक्रोग्रॅम. चहात घातलेलं चमचाभर दूध हिशोबात धरू नका. डॉक्टरांना कमतरता आढळली तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावंच लागतं, नुसत्या ताकानं भागत नाही. आणि एक महत्त्वाचं: पुण्याचा अभ्यास वाचून फोलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट जुळून यावा म्हणून ती लागते, आणि हे जुळणं पहिल्या चार आठवड्यांतच होतं, म्हणून ती गर्भ राहण्याआधीपासूनच घ्यायची असते. बी-१२ तिच्या जोडीला हवं, एवढाच मुद्दा. माझ्या धाकट्या जावेचं लग्न होऊन वर्ष झालंय. तिचा पेला आता मी ह्यांच्या आधी भरते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं, बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगितलं.

हे सगळं ऐकून माझ्या लेकीनं हट्टच धरला की मला डीएनए दाखवा. तर तो घरी काढता येतो, बरं का. अर्धं पिकलेलं केळं कुस्करायचं, अर्धा पेला पाण्यात लहान चमचाभर मीठ आणि भांड्याचा पातळ साबण घालून त्यात हलक्या हातानं कालवायचं, दहा मिनिटांनी पातळ फडक्यातून गाळायचं. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट बंद बाटलीत अगोदरच थंड करून ठेवायचं आणि पेल्याच्या कडेनं अलगद वर ओतायचं. (गॅसपासून लांब बसा, ते पेटतं.) पाच मिनिटांत मधल्या थरात पांढरे, कापसासारखे तंतू वर येतात. लेक आनंदानं किंचाळली. वनस्पतींच्या डीएनएत मेथिल माणसापेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा पुतणी म्हणाली, चला, यंत्राखाली घालून बघू. तिनं काडीवर तंतू गुंडाळले, वाळवले, आणि सरांची परवानगी काढून कॉलेजात नेले.

सोमवारी कागद आला. आम्ही सगळ्या टेबलाभोवती. १,०८५ च्या जवळ दरी दिसली, पुतणी म्हणाली ते फॉस्फेट असावं. आणि २,९०० च्या आसपास दोन केवढ्याला खोल दऱ्या! "मेथिल! मेथिल!" लेक ओरडली. पुतणीनं आकडे नीट वाचले, २,९२० आणि २,८५०, आणि तिचा चेहरा पडला. त्या मेथिलच्या नव्हत्या. त्या होत्या आमच्या भांड्याच्या साबणाच्या! साबणाच्या रेणूत कार्बन-हायड्रोजनची लांबच लांब साखळी असते, ती इतकी थरथरते की टिकल्यांचा आवाज तिच्यात ऐकूच येत नाही.

"ओतलात किती तो साबण," सासूबाई म्हणाल्या. "मी बघत होते."

पुढच्या खेपेला साबण अर्धाच चमचा घालायचा, आणि तंतू थंड स्पिरिटमध्ये तीनदा खळबळून घ्यायचे, असं ठरलंय. पुतणीची परीक्षा आटोपली की.